गिलसाहेबाच्या नकला : एका कामाचं प्रकरण

भुसावळात कुणापुढे रॉबर्ट गिलचं नाव काढलं की पुढचा शब्द ‘पारो’ असतो, म्हणजे साहेबाची इथली प्रेयसी. त्या दोघांवरचा सिनेमा येऊन गेल्यापासून तर जास्तच. ती १८५६ साली गेली, तिची कबर अजिंठा गावात आहे, आणि साहेब इथे भुसावळात एकटाच झोपलाय, एवढी गोष्ट आमच्याकडे बऱ्याच जणांना पाठ असते. गोष्टीशी माझं भांडण नाही. पण मी चित्रकलेचा मास्तर, माझा जीव दुसरीकडेच अडकतो. या माणसाने जवळपास एकोणीस वर्षं अजिंठ्याच्या लेण्यांच्या अंधारात उभं राहून भिंतीवरची चित्रं तैलरंगात कॅनव्हासवर उतरवली. तीसच्या आतबाहेर मोठे कॅनव्हास झाले. ते लंडनला गेले आणि १८६६ च्या डिसेंबरात जळाले. चार-पाच वाचले.

त्याच कॅनव्हासवरून कुणीतरी वितीएवढे लाकडी ठसे करून एका पुस्तकात छापले होते. ते मात्र आजही मिळतात. माणसाच्या उंचीहून मोठं होतं ते गेलं आणि पुस्तकाच्या पानात मावणारं राहिलं. हे कसं झालं, ते मला या प्रकरणात नीट उलगडून बघायचं आहे. शाळेत लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून काढायचा छापा, शिकवताना पोरांनी मला या प्रश्नात ढकललं, तेही सांगतोच.

माणूस कुठून आला

गिलचा जन्म १८०४ चा, इंग्लंडातला. विशीत तो मद्रासच्या फौजेत भरती झाला आणि ४४ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीत कॅप्टन झाला. चित्र काढता येणारे अधिकारी तेव्हा फौजेला लागायचेच, कारण नकाशा, किल्ल्याचा आराखडा, नदीचा उतार हे सगळं हातानेच उतरवावं लागे. गिलचा हात त्यातला.

अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या नजरेला पडली एप्रिल १८१९ मध्ये. जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीला आला होता, त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवली. ती खरड अजून तिथे आहे. (पोरं सहलीला गेली की पहिल्यांदा तेच शोधतात, आणि ‘भिंतीवर नाव लिहू नका’ म्हणणाऱ्या मास्तरची पंचाईत होते.) पुढे जेम्स फर्ग्युसन या गृहस्थाने लेणी पाहिली. हा निळीच्या धंद्यात पैसा करून मग वास्तुशास्त्राकडे वळलेला. १८४३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला: चित्रं झडताहेत, त्यांच्या नकला व्हायला हव्यात. सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना गाठलं, आणि १८४४ मध्ये गिलची नेमणूक झाली.

अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात, आणि डोंगराखालचा खान्देश १८१८ पासून इंग्रजांच्या ताब्यात. गिल राहिला अजिंठा गावातल्या बारादरीत. लेण्यांखालून जी वाघोरा वाहते तीच पुढे आमची वाघूर होऊन तापीला मिळते. आता जळगावहून साठेक किलोमीटर, दीड-दोन तासांत माणूस लेण्यात. तेव्हा रेल्वे खान्देशात यायला दीड-दोन दशकं होती. इंग्रजी राज्यात साहेब लोक बदलीवर येत आणि बदलीवर जात. हा आला तो या टापूतलाच झाला. एप्रिल १८७९ मध्ये तो मेला आणि भुसावळात पुरला गेला. भुसावळ तरी कुणाचं गाव? रूळ आले, मागून मद्रासी फायरमन, गोवेकर गार्ड, उत्तरेकडचे खलाशी आले. बाहेरून आलेल्यांच्या या गावात बाहेरून आलेला एक चित्रकार पुरलेला असणं मला कधी विचित्र वाटलं नाही.

भिंत आणि कॅनव्हास

त्याचं काम किती अवघड होतं हे कळायला आधी भिंत कळली पाहिजे. अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात, पण खरा फ्रेस्को ओल्या चुन्यावर होतो, रंग चुन्यासोबत सुकून दगडासारखा बसतो. इथे तसं नाही. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि झाडपाल्याचे धागे. आपल्या आजीच्या घराच्या कुडाला जे करत तेच, फक्त फार निगुतीने. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि सुकलेल्या पृष्ठावर डिंकासारख्या चिकटाव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा. सगळे मातीतले, इथलेच. एकटा निळा लाजवर्दाचा. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून यायचा. म्हणजे लेण्यातला पहिला परदेशी गिल नव्हे, त्याच्या आधी हजाराहून जास्त वर्षं एक रंग येऊन बसला होता.

असं काम मातीवर असल्याने ते पाण्याने फुगतं, किड्यांनी पोखरतं, आणि पापुद्रा सुटला की खाली पडतं. गिल ज्या भिंतीसमोर बसला होता ती त्याच्या डोळ्यांदेखत कमी होत होती. त्याने माध्यम निवडलं तैलरंग. माझ्या मते इथेच पहिली अडचण आहे. मातीचा रंग कोरडा, उजेड पिणारा. तेल चकाकतं, खोल दिसतं. गेरूचा लाल तेलात कालवला की तो डाळिंबासारखा भरतो, भिंतीवर तो भाजलेल्या विटेसारखा असतो. पण कंपनीला लंडनच्या भिंतीवर टांगता येईल अशी वस्तू हवी होती, आणि तेव्हाच्या समजुतीने टांगण्याजोगी वस्तू म्हणजे कॅनव्हासवरचं तैलचित्र. कॅनव्हास पूर्ण होत गेले तसे विलायतेला रवाना झाले.

आणि रवाना करण्याआधी त्यांचं काहीच मागे ठेवलं गेलं नाही. ट्रेसिंग नाही, लहान आकाराची दुसरी प्रत नाही, फोटो नाही. या सगळ्या प्रकरणात मला जर कुणाला जाब विचारायचा असता तर तो इथे. गिलला नाही, तो पगारी माणूस, पाठव म्हटलं की पाठवणार. ज्यांनी ‘चित्रं नष्ट होताहेत म्हणून नकला करा’ असा आग्रह धरला, त्यांना नक्कलही नष्ट होऊ शकते हे सुचलं नाही.

कॅनव्हास गेले ते लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये. लोखंड आणि काचेची ही प्रचंड इमारत १८५१ च्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कात बांधलेली, मग उचलून १८५४ मध्ये सिडनहॅमला उभी केलेली. लोखंड-काच म्हटल्यावर आगीला काय सापडणार, असं वाटतं. पण आत फळ्यांच्या जमिनी, पडदे, पुतळे, चित्रं. १८६६ च्या डिसेंबरअखेर उत्तरेकडचा भाग पेटला आणि गिलचं जवळपास सगळं काम त्यात गेलं. जे वाचलं ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

ठसा

आता तो वितीएवढा ठसा. १८५६ मध्ये, म्हणजे आगीच्या दहा वर्षं आधी, मिसेस स्पीर या बाईंचं प्राचीन भारतावरचं एक पुस्तक लंडनात निघालं. त्यातल्या चित्रांसाठी गिलच्या नकलांवरून छोटी रेखाटनं केली गेली होती. ती करणारा होता जॉर्ज शार्फ, धाकटा. हा माणूस पुढे लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीचा पहिला संचालक झाला. पण मला त्याचा बाप जास्त भावतो. नाव तेच, जॉर्ज शार्फ. बव्हेरियातल्या मायनबुर्गचा. म्युनिक हे लिथोग्राफीचं माहेर. आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी दगडावरून छापायची ती युक्ती काढली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, तेलकट शाई फक्त तेलकट रेघेलाच धरते. कोरायचं काहीच नाही. शार्फ ही कला शिकून १८१६ मध्ये लंडनला आला आणि तिथलाच झाला. डार्विनने ‘बीगल’वरून आणलेल्या जीवाश्म हाडांची चित्रं त्याने दगडावर काढली. आणि उरलेल्या वेळात लंडनच्या गल्ल्या: जाहिरातीचे फलक पाठीपोटाला बांधून हिंडणारी माणसं, पाडायला काढलेली घरं, पुलाचं बांधकाम. परक्या शहरात आलेला हा माणूस जे जाणार तेच टिपत बसला. आज ती शेकडो चित्रं ब्रिटिश म्युझियमच्या मालकीची आहेत.

अशा घरात वाढलेला मुलगा अजिंठ्याच्या नकला समोर घेऊन बसला. लाजवर्द बदख्शानचा, नक्कल करणारा इंग्रज, छोटं चित्र काढणारा जर्मन बापाचा लेक. एका चित्राच्या अंगावर किती गावांची धूळ!

बापाची लिथोग्राफी सोडून इथे लाकडी ठसा का, याचं कारण मला माझ्या मामांमुळे कळलं. ते जळगावात एका छापखान्यात कंपोझिटर होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवून झाले की ते मजकुराच्या मधोमध एक जस्ताचा ब्लॉक बसवायचे, खाली लाकूड ठोकलेला. बोट फिरवून बघायचे. ब्लॉक खिळ्यांपेक्षा केसभर बुटका निघाला तर खाली कागदाची घडी सारायचे आणि म्हणायचे, “आता हा आपल्या पंक्तीत बसला.” लिथोचा दगड या पंक्तीत बसत नाही. तो वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कागदावर छापावा लागतो, आणि ते पान नंतर पुस्तकात शिवावं लागतं. लाकडी ठसा खिळ्यांच्याच उंचीचा असतो, मजकुरासोबत एकाच दाबात उमटतो. म्हणून स्वस्त पडतो. तो कापतात बॉक्सवूड नावाच्या टणक लाकडाच्या आडव्या छेदावर, म्हणजे झाडाच्या वर्तुळांच्या बाजूवर. तिथे तंतू आडवा येत नाही, त्यामुळे केसासारखी रेघ निघते. ते झाड मोठं होतच नाही, म्हणून ठसा लहान. मोठं चित्र हवं तर तुकडे स्क्रूने जोडावे लागत.

हा ठसा गिलच्या रंगांबद्दल काही सांगत नाही. ते काळंपांढरं रेघांचं जाळं आहे, त्यातले चेहरे किंचित विलायती झालेत, आणि पाहणाऱ्याने गेरू स्वतःच्या मनाने भरायचा. पण तो एकटा नव्हता. जितकी पुस्तकं छापली तितके ठसे झाले, ते वाचनालयांत, घरांत, दुकानांत पसरले. बाई पुढे पुन्हा लग्न करून मिसेस मॅनिंग झाल्या आणि १८६९ मध्ये त्यांचा प्राचीन भारतावरचा मोठा ग्रंथ निघाला, त्यातही ही चित्रं आली. तोवर मूळ कॅनव्हास राख होऊन तीन वर्षं झाली होती.

कॅमेऱ्याला दिसलं नाही ते

गिलला स्वतःला बहुधा हातकामाची मर्यादा कळली होती, कारण १८५० च्या दशकातच तो कॅमेऱ्याकडे वळला. १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनात निघाली. एकात लेण्यांचे ७४ फोटो, दुसऱ्यात १०० स्टिरिओ, म्हणजे दोन डोळ्यांसाठी शेजारी शेजारी दोन चित्रं, दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघितली की खोली दिसते. फोटो छापलेले नाहीत, प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवलेले.

मग याच फोटोंनी चित्रं का वाचवली नाहीत? तेव्हा फोटो काचेवर घेत, आणि त्या काचेवर ओल्या कोलोडियनचा, एका चिकट रसायनाचा, थर असे. तिला फक्त निळा उजेड कळायचा. तांबडं आणि पिवळं तिच्या लेखी अंधार. आणि अजिंठ्याची पेटी बघा: गेरू, पिवळी माती, गव्हाळ कातडी. जिथे भिंत सर्वांत जिवंत तिथे फोटो काळा पडणार. शिवाय लेण्यात उजेड नाही. म्हणून गिलचे फोटो दर्शनी कमानी, खांब, मूर्ती, डोंगर फार सुंदर दाखवतात आणि भिंतीवरच्या माणसांबाबत गप्प राहतात.

तर प्रकरणाची गाठ इथे आहे. ज्याच्या प्रती निघत होत्या त्या कॅमेऱ्याला रंग दिसत नव्हता. ज्याला रंग दिसत होता त्या कॅनव्हासची प्रत कुणी काढली नाही. मध्ये राहिला लाकडाचा ठसा, त्याला ना रंग ना आकार. आगीनंतर गिलने पुन्हा ब्रश हातात घेतला होता, तेव्हा तो साठीच्या पुढे होता.

आमचा वर्ग

दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पोरांना मी दुसऱ्या लेण्याच्या छतावरची हंसांची रांग दिली होती, लिनोवर कोरायला. लिनो म्हणजे जुन्या फरशीच्या लिनोलियमसारखा जाड तुकडा. हिवाळ्यात तो कडक होतो, मग पोरं तो खिडकीतल्या उन्हात ठेवतात किंवा शर्टात पोटाशी धरून मऊ करतात. काचेवर शाई पसरायची, रोलर फिरवायचा. शाई बरोबर लागली की रोलरचा आवाज बदलतो, भाकरी तव्यावरून सुटताना येतो तसा बारीक चरचर. मग कागद ठेवून पाठीमागून स्टीलच्या चमच्याने घासायचं.

एका मुलाने कागद उचलला आणि ओरडला, “सर, ह्ये तं उलटंच आलं नं! मपला हंस घराकडे चालला होता, हा तं बाहेर चालला!”

वर्ग हसला. ठसा उलटा येतो हे मी आधी सांगितलं होतं, पण सांगून ते कळत नाही. मी म्हणालो, लंडनला ठशाचा चित्रकार लाकडावर सगळं उलटं काढायचा, म्हणून पुस्तकात सुलटं आलं. तो म्हणाला, “म्हणजे त्याला आधीच चुकायला लागायचं?” मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. त्याने हंस बदलला नाही. तसाच बाहेर चाललेला ठेवला आणि तीस-चाळीस प्रती घासल्या, बोटं काळी करून. एक माझ्या कपाटाच्या दारावर आहे.

पुढे आलेले

गिलच्या पाठोपाठ १८७२ मध्ये मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी त्यांतले. तेरा वर्षं, सुमारे ३०० कॅनव्हास, तेही लंडनला. १८८५ मध्ये तिथे आग लागून शंभराहून जास्त गेले. शाप, शाप म्हणून यावर पुष्कळ लिहिलं जातं. मला तो हिशोबाचा प्रश्न वाटतो: एकुलती वस्तू एका छपराखाली ठेवली की छपराचं नशीब तिचं. ग्रिफिथ्सने मात्र १८९६-९७ मध्ये मोठाल्या छापील चित्रांचे दोन खंड काढले. भिंतीचे काही भाग आज उरलेले नाहीत, ते पाहायचे तर त्या खंडांतच. त्यांच्या चमूने चित्रं उजळ दिसावीत म्हणून भिंतीवर स्वस्त वार्निश फासलं, त्याचं नुकसान नंतरच्यांना निस्तरावं लागलं, हेही त्यांच्याच खात्यावर. जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी १९१६ ते १९१८ दरम्यान जपानी कागदावर केलेली ट्रेसिंग टोकियोत १९२३ च्या भूकंपात गेली.

१९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाईंसोबत अजिंठ्याच्या नकला करायला आलेल्या तरुणांमध्ये चित्रकार नंदलाल बोस होते. त्यांनी नक्कल केली आणि मग वेगळंच काही केलं. १९३० मध्ये दांडीच्या वाटेवरच्या गांधींचा त्यांनी लिनोकट केला: काळ्यावर पांढरी रेघ, हातात काठी. तोच तो लिनो, जो आमची पोरं शर्टात ऊबेला धरतात. १९३६ च्या डिसेंबरात ते पुन्हा खान्देशात आले, फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट करायला, बांबू-चटयांनी. फैजपूर तसं छाप्यांचंच गाव. तिथल्या सुती छापांचा लाल आणि गडद निळा रंग एकेकाळी नावाजलेला होता. त्या अधिवेशनाच्या महिनाभर आधी, ३० नोव्हेंबरला, सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेस उरलासुरला सगळाच जळाला. याचा त्याच्याशी काही संबंध नाही. तारखा शेजारी दिसल्या म्हणून वहीत लिहून ठेवल्या.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच पोरांना गिलच्या कबरीवर घेऊन गेलो. आता ती दहावीत. राखणदार काकांना विचारून आम्ही दगडावर पातळ कागद पसरला, चार कोपऱ्यांना पोरांनी अंगठे दाबून धरले आणि काळा मेणखडू आडवा करून घासायला लागलो. कोरलेली अक्षरं कागदावर पांढरी उठत गेली. आधी जी, मग आय, मग दोन एल. मधे शेवाळ होतं तिथे नुसता ढग आला. हंसवाला मुलगा वाकून बघत होता.

“सर,” तो म्हणाला, “हे सुलटं आलं.”

काकांनी विचारलं, हा कागद आता कुठे लावणार. मी म्हणालो, अजून तीन काढायचेत.